केसांचे वळण

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. वऱ्हाडच्या या काळ्या मातीच्या मुलखात शेतातला कापूस पाहिलेला नाही, असे मूल विरळाच. वेचलेल्या कापसाचा एक तंतू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला, तर तो पिळलेल्या फितीसारखा दिसतो. बोंडात असताना हा तंतू ओलसर व पोकळ नळीसारखा असतो. बोंड फुटून तो वाळला, की नळी चपटी होते आणि चपटी होताना तिला पीळ पडतात. या पिळांमुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो व कापसाचे सूत निघते.

तंतूंना वळण असावे, ही गोष्ट केवळ कापसापुरती नाही. धनजच्या काय किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या शाळेत वर्गावरून सहज नजर फिरवावी. कोणाचे केस सरळ, कोणाचे नागमोडी, तर एखाद्याचे वेटोळी घेतलेले, दाट कुरळे. कुरळ्या केसांच्या मुलाला टोपणनावे लवकर चिकटतात. असे मूल हट्टी असते, हेही त्याला थोरांच्या तोंडून ऐकावे लागते. तेल लावायचा कंटाळा केला म्हणून केस असे झाले, हा आरोप तर ठरलेलाच! यांपैकी एकाही गोष्टीत तथ्य नाही. खरे कारण डोक्याच्या त्वचेखाली दडलेले आहे.

प्रत्येक केस त्वचेतील एका अतिशय बारीक खळगीतून उगवतो. तिला केशकूप म्हणतात. माणसाच्या डोक्यावर असे सुमारे एक लाख केशकूप असतात. ज्याचे केस सरळ, त्याचे केशकूप विहिरीसारखे सरळ खाली गेलेले असतात. कुरळ्या केसांचे केशकूप मात्र तळाशी वाकलेले असतात. त्या वाकड्या साच्यातून बाहेर पडणारा केस वळण घेऊनच वर येतो. केस आडवा कापून पाहिला, तर सरळ केसाचा छेद बहुधा गोल दिसतो आणि कुरळ्याचा लंबवर्तुळाकार, म्हणजे काहीसा चपटा. शिवाय वळणाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. मेरिनो जातीच्या मेंढीच्या कुरळ्या लोकरीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी आतल्या बाजूच्या पेशींपेक्षा लांब असल्याचे दिसून आले. एक बाजू लांब व दुसरी आखूड असली, की तंतू वाकणारच.

कापसाच्या आणि केसाच्या पिळात एक मोठा फरक आहे. कापसाला पीळ पडतो तो वाळताना. केसाचे वळण मात्र तो त्वचेबाहेर येण्यापूर्वीच ठरलेले असते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांबच लांब साखळ्या गंधकाच्या बळकट बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. याखेरीज त्यांच्यात दुसरेही काही दुबळे बंध असतात, ते पाण्याने सुटतात. म्हणूनच न्हाल्यावर कुरळे केस काही वेळ लांब व सरळ दिसतात आणि वाळले की पुन्हा आपल्या वळणावर जातात. तापलेल्या यंत्राने सरळ केलेल्या केसांचीही तीच गत. तीव्र रसायनांनी गंधकाचे बंध तोडून केस सरळ करता येतात खरे. परंतु केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि मुळाकडून येणारा प्रत्येक नवा सेंटिमीटर जुनेच वळण घेऊन येतो. तेलाचे म्हणाल, तर त्वचेतून पाझरणारा नैसर्गिक स्निग्ध पदार्थ सरळ केसावरून सहज खाली उतरतो. वळणावळणाच्या केसावर त्याला टोकापर्यंत पोहोचणे कठीण जाते. त्यामुळे कुरळे केस कोरडे राहतात. हा मुलाच्या आळसाचा दोष नव्हे. अशा केसांतून फणी फिरवणाऱ्या आईला किंवा आजीला धीर मात्र अधिक लागतो.

केशकुपाचा आकार बहुतांशी वंशपरंपरेने ठरतो. ऑस्ट्रेलियातील जुळ्या भावंडांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत सुमारे ४५ जणांचे केस सरळ, ४० जणांचे नागमोडी आणि १५ जणांचे कुरळे असतात, असे त्यात नमूद आहे. ट्रायकोहायलिन हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाचा केसांच्या वळणाशी संबंध असल्याचेही त्यातून दिसले. परंतु त्या एका जनुकाचा वाटा लहानच होता. अनेक जनुके मिळून वळण ठरवतात. त्यामुळे सरळ केसांच्या आईबापांच्या पोटीही कुरळ्या केसांचे मूल जन्मू शकते. वाढत्या वयात काहींच्या केसांचे वळण बदलतेही. पूर्व आशियात जाड व सरळ केसांचे लोक फार. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आफ्रिकेत दाट कुरळ्या केसांचे. भारतात तर सर्वच प्रकार एका गावात, कधीकधी एका घरातही नांदतात.

आफ्रिकेतील हे दाट कुरळे केस निरुपयोगी नाहीत. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी एका तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळ्या वळणांच्या केसांचे टोप चढवले आणि वरून सूर्यासारखा प्रखर प्रकाश सोडला. उन्हाचा ताप सर्वांत कमी पोहोचला तो दाट कुरळ्या केसांखाली. वऱ्हाडचा वैशाख सोसणाऱ्यांना या गुणाचे मोल सांगायला नको!

असेच केस बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात आणि लगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी लोकांचे आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांपैकी अनेकांना गुलाम म्हणून आणले होते. आज या लोकांच्या तोंडी कोकणी, मराठी व कन्नड या भाषा आहेत. शतके लोटली, देश बदलला, भाषा बदलली. केसांचे वळण मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले.

या वळणाला माणसांनी ठिकठिकाणी वेगवेगळे अर्थ चिकटवले. अजिंठ्याच्या लेण्यांतील बुद्धमूर्तींच्या मस्तकांवर लहान लहान कुरळ्या बटांच्या ओळी कोरलेल्या आहेत. अनेक तीर्थंकरांच्या मूर्तींवरही तशाच बटा असतात. मूर्तिकारांनी कुरळ्या केसांना असा मान दिला. दक्षिण आफ्रिकेत मात्र १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली. ज्याच्याविषयी शंका येई, त्याच्या केसांत कधी कधी पेन्सिल खोवून पाहत. ती घसरून पडली तर माणूस गोरा, अडकून राहिली तर गोरा नव्हे!

त्या देशात सँड्रा लेंग नावाची मुलगी गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली. तिची कांती सावळी व केस दाट कुरळे होते. १९६६ मध्ये, ती दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि सरकारी दप्तरात तिची नोंद ‘मिश्रवर्णी’ अशी झाली. तिचे वडील न्यायालयात गेले; मुलगी आपलीच आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी रक्ताची तपासणीही करून घेतली. १९६७ मध्ये कायद्यात बदल झाला आणि सँड्राची नोंद पुन्हा ‘गोरी’ अशी करण्यात आली. माणसांची अशी नोंद करणारा तो कायदा रद्द व्हायला १९९१ साल उजाडले.