चिटणिसाचे दप्तर : इतिहास-लोकसाहित्य मंडळांतील अवैतनिक नेतृत्व

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची साधने कोणी जमविली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा व्यक्तिनामांनी दिले जाते. राजवाडे, देव, पोतदार, खरे ही नावे आदराने घेतली जातात आणि विवेचन पुढे सरकते. परंतु ही मंडळी केवळ संग्राहक वा संपादक नव्हती. त्यांपैकी बहुतेकांनी एखादे मंडळ स्थापिले, त्याचे चिटणीसपद वा अध्यक्षपद स्वीकारले, वर्गणी गोळा केली, सभांची टिपणे ठेवली आणि रुमालांची सूची केली. संशोधक म्हणून त्यांचे मूल्यमापन पुष्कळ झाले आहे. संस्थाचालक म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रादेशिक इतिहासाचे व लोकसाहित्याचे काम ज्यांनी आपण होऊन, पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून चालविले, त्यांच्या नेतृत्वाचे स्वरूप काय होते आणि त्याचा उपलब्ध साधनांवर कोणता परिणाम झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

(१) वकिलांची पिढी

प्रादेशिक संशोधनाचे काम हाती घेणाऱ्या पहिल्या पिढीकडे पाहिले असता त्यांत वकिलांची संख्या ठळकपणे दिसते. धुळ्यात १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन करणारे शंकर श्रीकृष्ण देव, त्याच गावचे भास्कर वामन भट, बुलढाण्याचे ‘वऱ्हाडचा इतिहास’कार (१९२४) यादव माधव काळे, यवतमाळ येथे शारदाश्रम उभारून महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास करणारे यशवंत खुशाल देशपांडे हे सारे व्यवसायाने वकील होते. हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. वतने, इनामे व वाटण्या यांच्या तंट्यांमुळे जुने मोडी कागद वकिलाच्या हाताखालून जात. कागदाचा अस्सलपणा पारखण्याची सवय त्यास व्यवसायानेच लागे. शिवाय आपल्या घराण्याचे कागद परक्यास दाखविण्यास कचरणारा वतनदार वकिलावर विश्वास ठेवीत असे. व्यवसायातून मिळणारी प्राप्ती आणि कोर्टाच्या सुट्या यांमुळे विनामोबदला काम करण्याइतकी सवडही त्याच्यापाशी असे. म्हणजे या नेतृत्वामागे त्याग जसा होता तसाच एक विशिष्ट सामाजिक आधारही होता. हा आधार लक्षात न घेता केवळ त्यागाचे गुणगान केल्यास पुढील पिढीत असे कार्यकर्ते विरळ का झाले, याचा उलगडा होत नाही.

(२) संस्थापक आणि संस्था

वि. का. राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तत्पूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८९८ पासून, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड ते प्रसिद्ध करीत होतेच. एकट्याने जमविलेली साधने एकट्याच्या हयातीपुरतीच सुरक्षित असतात, हे मंडळाच्या स्थापनेमागील व्यावहारिक सत्य होय. त्याचा प्रत्यय राजवाड्यांच्याच कार्यात येतो. बीडनजीक पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत छापली. पुढे मूळ पोथी अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. परिणामी, छापील प्रतीतील रूपांच्या प्राचीनतेविषयी जे वाद झाले त्यांत मूळ पोथी समोर ठेवून निर्णय करण्याचा मार्ग बंद झाला. एखाद्या संस्थेच्या दाखलनोंदीत ती पोथी चढली असती तर मराठी भाषेच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या वादाचे स्वरूप निराळे झाले असते.

असे असूनही राजवाडे मंडळात रमले नाहीत. सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ते दूर झाले आणि आयुष्याची अखेर त्यांनी धुळ्यात घालविली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. यास केवळ स्वभावदोष म्हणणे पुरेसे नाही. शोधकाची वृत्ती आणि संस्थाचालकाची वृत्ती यांत मूलतःच अंतर आहे. शोधक पुढच्या गावच्या पुढच्या दप्तराकडे ओढला जातो, तर संस्थाचालकास आलेल्या दप्तरापाशी थांबावे लागते. संस्थेची कल्पना सुचणे आणि ती नित्य चालविणे या दोन भिन्न शक्ती आहेत, हे मंडळाच्या आरंभकालावरून स्पष्ट होते.

(३) चिटणिसाने दिलेली किंमत

मंडळ टिकले ते नंतरच्या चालकांमुळे. दत्तो वामन पोतदार (१८९०-१९७९) यांनी अध्यापन सांभाळून दीर्घकाळ मंडळाचे चिटणीसपद वाहिले. सभांतून नवे कागद वाचणे, त्यांवर चर्चा घडविणे आणि इतिवृत्त, संमेलनवृत्त व त्रैमासिक यांच्याद्वारे ते छापणे ही मंडळाची कार्यपद्धती होती. ती वरकरणी साधी दिसली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. कारीच्या जेधे घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तातून प्रसिद्ध केली आणि शिवजन्मतिथीच्या चर्चेला नवे वळण लागले. घराण्यात जपलेला कागद सर्वांच्या तपासणीस खुला होण्यासाठी असे व्यासपीठ आधी सिद्ध असावे लागते. ते सिद्ध ठेवणे हेच चिटणिसाचे काम होय.

या कामाची किंमत पोतदारांच्या ग्रंथसंपदेत दिसते. ‘मराठी गद्याचा इंग्रजी अवतार’ (१९२२) सारखा ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाकडून पुढे शासनाने सोपविलेले शिवचरित्र पूर्ण झाले नाही. या अपूर्णतेबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्या टीकेत तथ्य आहे. तथापि, एका व्यक्तीच्या नावावर न चढलेला ग्रंथ आणि अनेकांच्या ग्रंथांना आधार झालेले दप्तर यांचा ताळेबंद एकत्र मांडावयास हवा. ग्रंथसूचीवरून विद्वत्ता मोजणाऱ्या दृष्टीस हा दुसरा रकाना दिसतच नाही. याच मंडळात ग. ह. खरे (१९०१-१९८५) यांनी अनेक दशके काम केले. औपचारिक पदवी नसताना त्यांनी फारसी साधनांचे संपादन केले आणि मूर्तिविज्ञान व महाराष्ट्रातील दैवते यांवर मूलभूत लेखन केले. संग्रहापाशी दीर्घकाळ थांबल्यानेही ग्रंथ निर्माण होतात, याचे ते उदाहरण होय.

(४) वारसाची जबाबदारी

राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ च्या आरंभी धुळ्यात भास्कर वामन भट आदींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. पुण्यापासून दूर, विद्यापीठ नसलेल्या गावी, एका एकाकी संशोधकाचे कागद, टिपणे व संग्रह सांभाळण्याची जबाबदारी स्थानिक मंडळींनी पत्करली. सुमारे सात दशकांनंतर, १९९० च्या दशकात, याच मंडळाने राजवाड्यांचे समग्र साहित्य खंडशः प्रसिद्ध केले. या दोन घटनांमधील काळात मंडळ ज्यांनी चालविले त्यांपैकी अनेकांची नावे वाङ्मयेतिहासात आढळत नाहीत. समग्र साहित्य मात्र त्यांच्या सातत्यामुळेच शक्य झाले. संस्थापकाच्या कीर्तीवर संस्था उभी राहते, पण ती टिकते तिसऱ्या-चौथ्या पिढीतील नाव नसलेल्या चिटणिसामुळे, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

(५) रुमालाबाहेरचे साहित्य

या नेतृत्वाची एक मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. ज्यांनी मंडळे चालविली ते बहुतांशी सुशिक्षित, उच्चवर्णीय पुरुष होते आणि लिखित कागद हेच त्यांच्या दृष्टीने साधन होते. जात्यावरची ओवी, भोंडल्याचे गाणे, भटक्या जमातींच्या कथा यांना रुमाल नव्हता, म्हणून त्यांना दप्तरातही जागा नव्हती. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ (१९४०) आणि कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’ (१९४८) ही या क्षेत्रातील कामे व्यक्तिगत पुढाकारातून झाली. शासनाच्या लोकसाहित्य समितीचे अध्यक्षपद सरोजिनी बाबर (१९२०-२००८) यांनी दीर्घकाळ सांभाळले, तेव्हा या संकलनास संस्थात्मक रूप आले. येथे नेतृत्वाचे कौशल्य निराळे होते. वतनदाराचा विश्वास संपादन करण्याऐवजी स्वयंपाकघरात व माजघरात प्रवेश मिळवावा लागत होता. तो स्त्रीस सुलभ होता.

पुढचा टप्पा हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या कार्यात दिसतो. १९८० नंतर त्यांनी हाती घेतलेल्या संकलनातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. डोंगरी भागातील ग्रामीण स्त्रियाच या कामात संकलक झाल्या. ज्यांचे साहित्य त्याच त्याच्या नोंदकर्त्या, हा बदल पद्धतीपुरता नाही. ओवी कोणी गायिली, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, हे गाणारीच्या नावासह नोंदविले गेल्याने लोकसाहित्य ‘अनामिक’ असते या रूढ व्याख्येलाच प्रश्न विचारला गेला. राईरकर व पॉइटेव्हिन यांच्या निधनानंतर, २०१७ पासून, हा संग्रह ‘पारी’ या संस्थेने लोकांपुढे आणला. नेतृत्वाचे हस्तांतर झाले म्हणूनच संग्रह जिवंत राहिला, हे धुळ्याचे सूत्र येथेही प्रत्ययास येते.

(६) समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, अवैतनिक नेतृत्व ही केवळ वैयक्तिक सद्गुणाची बाब नसून तिला विशिष्ट व्यवसाय, सवड व सामाजिक विश्वास यांचा आधार लागतो. दुसरी, नेता ज्या वर्गातून येतो त्या वर्गाची ‘साधन’ या शब्दाची व्याख्या संग्रहात उतरते. म्हणून संग्रहात काय आहे याबरोबर काय नाही, हेही चालकांच्या यादीवरून वाचता येते. तिसरी, अशा नेतृत्वाची खरी कसोटी नेत्याच्या हयातीत लागत नाही, तो गेल्यावर दाखलनोंद, सूची आणि देवघेवीची वही दुसऱ्यास वाचता येते की नाही, यावर ती लागते.

वकिलांच्या पिढीची जागा स्वातंत्र्योत्तर काळात बऱ्याच अंशी महाविद्यालयीन अध्यापकांनी घेतली. निश्चित वेतन, सुट्या आणि विद्यार्थ्यांच्या द्वारे गावोगावी होणारा प्रवेश ही त्यांची अनुकूलता होय. परंतु पदोन्नतीसाठी प्रसिद्ध निबंध मोजले जातात, लावलेले रुमाल मोजले जात नाहीत, आणि मोडी वाचणारेही विरळ झाले आहेत. पदव्युत्तर प्रबंधात एखाद्या मंडळाच्या बाडाचा निर्देश करताना ते बाड कोणी, कोठून आणिले व कोणी सूचीत चढविले याचीही नोंद करण्याचा प्रघात पडल्यास या श्रमांना अभ्यासविषयाचा दर्जा मिळेल. एखाद्या प्रबंधासोबत जवळच्या मंडळातील निदान एका रुमालाची सूची सिद्ध झाली, तर त्या श्रमांची परंपराही पुढे चालेल.