गुरूंचे ऋण कुठे फेडावे?

आपल्या निवासी शाळेच्या फाटकातून वर्षाकाठी दोन-चार माजी विद्यार्थी आत येतात. कुणी नागपूरहून अमरावतीकडे जाताना तिवश्याच्या बसस्थानकावर मुद्दाम उतरलेला असतो, कुणी पहिल्या पगारातून घेतलेली मिठाई घेऊन आलेला असतो. वसतिगृह, भोजनगृह, वर्गखोल्या पाहून झाल्या की तो शिक्षक-कक्षात येतो, वाकतो आणि म्हणतो, "सर, तुमच्यामुळे मी उभा राहिलो." त्या क्षणी काय उत्तर द्यावे, हे तीस वर्षांच्या अध्यापनानंतरही मला नीटसे उमगलेले नाही. "छे, छे, तुझीच मेहनत" असे म्हणावे, तर ते पूर्ण खरे नसते. मान डोलावून स्वीकारावे, तर मन खाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच प्रश्नाचा थोडा अभ्यास मांडावा, असे वाटले. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे उत्तर शोधायला इतिहासाकडेच जातो.

दक्षिण दिशा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला सहा दिशांचा नवा अर्थ समजावून सांगितला आहे. सिगाल नावाचा तरुण सकाळी ओलेत्याने दिशांना हात जोडत होता. बुद्धांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे आपल्याभोवतीची माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्यांप्रती पाच कर्तव्ये पाळावीत : त्यांना उठून सामोरे जावे, त्यांच्याजवळ राहावे, शिकण्याची उत्सुकता ठेवावी, सेवा करावी आणि विद्या आदराने ग्रहण करावी.

आपल्याकडील गुरुभक्तीची बहुतेक वर्णने येथेच थांबतात. सुत्त मात्र थांबत नाही. अशी सेवा ज्याला लाभली त्या आचार्यानेही शिष्याप्रती पाच कर्तव्ये पाळावीत, असे पुढे येते : त्याला चांगले वळण लावावे, शिकवलेले त्याला नीट समजले आहे याची खात्री करावी, आपल्याजवळची सारी विद्या हातचे न राखता द्यावी, मित्र-परिचितांत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण होईल अशी तजवीज करावी.

वाचकांनी येथील क्रम ध्यानात घ्यावा. शिष्याचा आदर आधी येतो आणि त्याला उत्तर म्हणून आचार्याची पाच कामे येतात. शिष्याच्या कृतज्ञतेला शिक्षकाने द्यावयाचे उत्तर म्हणजे आणखी काम. वरदहस्त, आशीर्वाद किंवा दक्षिणेची मोजदाद यांचा तेथे उल्लेख नाही.

याच्या उलट चित्र आपण महाभारतातील एकलव्याच्या कथेत पाहतो. ज्याने शिकवले नाही, त्याने दक्षिणा मागितली आणि तीही अशी, की शिकलेले सारे निकामी व्हावे. बुद्धांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितले होते की तथागताने शिकवताना आचार्यमुष्टी ठेवलेली नाही. आचार्यमुष्टी म्हणजे शिष्यापासून काही लपवून ठेवणारी गुरूची मिटलेली मूठ. शिक्षकाची मूठ देताना मोकळी असावी, हे त्यातून कळते. घेताना ती कशी असावी, याकडे पुढे येतोच.

हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

ही पाच कर्तव्ये आधुनिक काळात एका माणसाने कशी पाळली, याचे उदाहरण आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. ते म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे हे गृहस्थ मुंबईत शिक्षक होते. १८९८ मध्ये त्यांनी मराठीत गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले, पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्रही लिहिले. चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून तो तेथे येई. तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी होता, म्हणजे केळुसकरांच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. तरीही त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. तेथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सत्काराच्या सभेत बहुधा हार घातले जातात. या शिक्षकाने पुढच्या वाचनाची सोय केली.

इंटरनंतर घरची ओढगस्त वाढली आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकर भीमरावांना घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी तरुणाला प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. सुत्तातील चौथे कर्तव्य, मित्र-परिचितांत शिष्याविषयी चांगले बोलणे, ते हेच. १९१७ मध्ये परदेशातून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला कुणी घर देईना. तेव्हा केळुसकरांनी आपल्या परिचयातील एका प्राध्यापकाच्या घरी त्यांची सोय करण्याचा प्रयत्न केला. त्या घरातून विरोध झाला आणि तो प्रयत्न फसला. पाचवे कर्तव्य, सर्व दिशांना रक्षण, हे त्या काळात किती अवघड होते ते यावरून दिसते. पण शिष्याने एम.ए. केले, आता आपले काम संपले, असे या शिक्षकाला वाटले नाही.

१९५६ मध्ये बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्यांनी दादा केळुसकरांची आणि त्या भेट मिळालेल्या पुस्तकाची आठवण नोंदवली आहे. आपण बुद्धांकडे कसे वळलो, हे सांगताना ते त्या पुस्तकापासून सुरुवात करतात. केळुसकर १४ ऑक्टोबर १९३४ रोजी निवर्तले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे आणि इतिहासाच्या शिक्षकाने योगायोगातून अर्थ काढू नये. पण मधल्या बावीस वर्षांत मात्र अर्थ आहे. ज्याने बी पेरले त्याला पीक पाहायला मिळाले नाही. शिक्षकाच्या व्यवसायात हे नेहमीचेच आहे.

शिष्याच्या वाट्यालाही असे येते. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा आपले प्राध्यापक जॉन ड्यूई यांना भेटण्याची त्यांना मोठी उत्सुकता होती. पण ते पोहोचण्यापूर्वीच ड्यूई यांचे निधन झाले. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांचे देणे लागतो, अशा आशयाचे पत्र त्यांनी माईसाहेबांना लिहिले. कृतज्ञता पोहोचायची राहून गेली. मग तिचे काय झाले? ती सिद्धार्थ महाविद्यालयात, मिलिंद महाविद्यालयात, त्या संस्थांतून शिकलेल्या हजारोंमध्ये आधीच पोहोचलेली होती.

आमच्या वऱ्हाडानेही हीच रीत पाहिली आहे. गाडगेबाबा कुणाला पायांवर डोके ठेवू देत नसत. आपल्याला कुणी शिष्य नाही, असे ते सांगत. लोक जे देत त्यातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, शाळा-वसतिगृहांना हात दिला आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पायांकडे येणारी कृतज्ञता ते अशी मुलांच्या निवाऱ्याकडे वळवत.

तुरीच्या शेंगा

आता घेताना मूठ कशी असावी, त्याविषयी. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एक नियम केला होता की पालकांकडून काहीही घ्यायचे नाही. तो नियम मला फार भूषणावह वाटे. एका हिवाळ्यात सातवीतील एका मुलीची आई भेटीला आली. बाई फासेपारधी समाजातील, मोलमजुरी करणारी. मुलीला वाचायला येऊ लागले, याचा तिला कोण आनंद! फडक्यात बांधून तिने तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. मी हात मागे घेतले आणि नियम सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "काऊन गुर्जी, आमच्या हातचं चालत नाई काय तुमाले?"

ज्या समाजाच्या हातचे पाणी शतकानुशतके कुणी घेतले नाही, त्या समाजात मी जन्मलो. आणि तो प्रश्न आज मला विचारला जात होता. माझा नियम तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता, माझा मागे गेलेला हात मात्र पोहोचला होता.

मला बाबासाहेबांनी सांगितलेली सातारच्या शाळेतील आठवण आठवली. मधल्या सुट्टीत लहान भीमाला जेवायला घरी जावे लागू नये म्हणून तेथील एक गुरुजी आपल्या डब्यातील भाजी-भाकरी त्याला देत. पुढे गोलमेज परिषदेच्या वेळी त्या गुरुजींनी पाठवलेले मायेचे पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले होते. अन्न देणे आणि घेणे ही आपल्या समाजात साधी गोष्ट कधीच नव्हती.

मी शेंगा घेतल्या. भोजनगृहात मोठ्या पातेल्यात मीठ घालून त्या शिजवल्या आणि रात्री सगळी मुले पंगतीत बसून खात होती. ती बाईही मुलीशेजारी बसली होती. नियम मोडला नाही आणि मानही राहिला. घेतलेले स्वतःपाशी ठेवायचे नाही, पण देणाऱ्याचा हात रिकामा परत पाठवायचाही नाही, हे मला त्या रात्री कळले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत राध नावाच्या गरीब वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. त्याला प्रव्रज्या द्यायला कुणी तयार होईना. याने कुणावर काही उपकार केले आहेत काय, असे बुद्धांनी विचारले, तेव्हा सारिपुत्त म्हणाले, एकदा याने मला पळीभर भात वाढला होता. तेवढ्या आठवणीवर त्यांनी त्याला शिष्य करून घेतले. म्हणजे कृतज्ञ राहण्याची जबाबदारी एकट्या शिष्याची नाही. शिक्षकानेही विद्यार्थ्याचा पळीभर भात लक्षात ठेवायचा असतो.

ती मुलगी दहावी झाली आणि तिचे शिक्षण थांबले. लग्न ठरले होते. मी तिच्या बेड्यावर दोन वेळा जाऊन आलो. तिसऱ्यांदा जायला हवे होते, ते राहून गेले. केळुसकरांचा एक प्रयत्न फसला, तरी त्यांनी पाठ फिरवली नव्हती. पाचव्या कर्तव्यात मी कमी पडलो, हे येथे लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी तीच मुलगी, आता आई झालेली, स्वतःच्या लेकीला आपल्या शाळेत पाचवीत घालायला आली. "हिले मधातून काढू नका, सर," एवढेच म्हणाली. माझ्यावरील तो विश्वास मी सत्कार म्हणून घेतला नाही, राहिलेले काम म्हणून घेतला.

विद्यार्थी मित्रांनो

अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ असलेली दोन प्रकारची माणसे सांगितली आहेत. एक पुब्बकारी, म्हणजे कुणी काही करण्याआधी स्वतः पुढे होऊन उपकार करणारा. दुसरा कतञ्ञू-कतवेदी, म्हणजे केलेले जाणणारा आणि ते जाणतो हे कृतीतून दाखवणारा. माझी समजूत अशी की ही दोन माणसे वेगळी राहू नयेत. आजचा कतञ्ञू उद्याचा पुब्बकारी झाला, तरच ऋण फिटते.

महापरिनिर्वाणाच्या वेळी शालवृक्षांची फुले तथागतांच्या अंगावर पडत होती. धम्माप्रमाणे आचरण करणे हीच खरी पूजा, असे तेव्हा बुद्धांनी सांगितले. म्हणून तुम्ही भेटायला जरूर या. मिठाई आणलीत तर ती भोजनगृहात द्या. आमच्या पाया पडू नका, पण अभ्यासिकेत जा. तेथे दहावीची मुले बसलेली असतात. अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्तीची तारीख कोणती, अमरावतीच्या वसतिगृहात प्रवेश कसा मिळतो, मुलाखतीत भीती कशी घालवायची, हे त्यांना सांगा. आणि घरी परतताना आपल्या गावातील जे मूल तुमच्या हजेरीपटावर नाही, त्याची एकदा विचारपूस करा. आमचे ऋण फेडायचे ठिकाण तेच आहे.

जय भीम!