मोटारीच्या मेंदूची नाडीपरीक्षा

जयविलास प्रासादातील चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. मेजवानीच्या लांबलचक मेजावर मांडलेल्या रुळांवरून ती फिरे आणि पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया नेई. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागीच थांबे. सुरई परत ठेवली की पुन्हा चालू लागे. त्या वेळी एखाद्याने "इंजिन बिघडले!" अशी ओरड केली असती, तर सारी पंगत हसली असती. गाडी बिघडलेली नसे. तिला थांबण्याची आज्ञा मिळालेली असे. यंत्र थांबणे निराळे आणि यंत्र बिघडणे निराळे. हा भेद ओळखणे म्हणजेच निदान, आणि तोच विषय आज आम्ही हायब्रिड मोटारीच्या आधारे मांडणार आहोत.

'हायब्रिड' हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ज्वारीमुळे रुळला. दोन वाणांचे गुण एकत्र आणलेले ते संकरित बियाणे. हायब्रिड मोटारही तशीच संकरित आहे. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते, तशीच विजेची मोटरही असते. जपानमध्ये १९९७ साली 'प्रियस' ही अशी मोटार विक्रीस आली. भारतात ती २०१० साली आली. २०२२ साली होंडा, मारुती आणि टोयोटा यांच्या देशात तयार झालेल्या हायब्रिड मोटारी बाजारात आल्या. १९०५ साली सुरू झालेल्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात मोटारींची मोठी विक्री होते, हे सर्वांस ठाऊक आहेच. तेव्हा या वाहनाची ओळख करून घेणे आपल्यालाही अगत्याचे आहे.

गोरखीतून बाहेर पडून महाराज बाड्यावरील गर्दीत पाहिले, तर अशी मोटार उभी राहताच तिचे इंजिन पुष्कळदा बंद होते आणि ती पुढे निघताना मुळीच आवाज करीत नाही. हा रोग नव्हे, तिचा स्वभावच आहे. इंजिन केव्हा चालावे आणि केव्हा थांबावे हे एक मुख्य संगणक ठरवतो. त्याच्या आज्ञेबरहुकूम इंजिनाचा कारभार पाहणारा आणखी एक संगणक असतो. कारागीर त्याला 'ईसीएम' म्हणतात. आत येणारी हवा किती, पाणी किती तापले, इंजिनाचा दांडा कोणत्या कोनात आहे, हे संवेदकांकडून जाणून घेऊन तो पेट्रोल किती द्यावे आणि ठिणगी केव्हा पाडावी हे ठरवतो. हाच बिघडला तर इंजिन मधूनच बंद पडते, किंवा सुरूच होत नाही. परंतु अशी लक्षणे दिसली म्हणजे ईसीएमच गेला, असे मात्र नव्हे. त्याची किंमत हजारो रुपयांच्या घरात असते. तो विनाकारण बदलला, तर कुटुंबाचा पैसा जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. म्हणून चांगला कारागीर संगणकावर संशय घेतो तो सर्वांत शेवटी.

प्रथम तो बारा व्होल्टची लहान बॅटरी तपासतो. ती पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. साध्या मोटारीत ही बॅटरी दुबळी झाली की स्टार्टर रखडत फिरतो आणि चालकाला आगाऊ सूचना मिळते. पुष्कळ हायब्रिड मोटारींत मात्र इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. त्यामुळे लहान बॅटरीचा अशक्तपणा तसा उघडा पडत नाही. संगणकांना पुरेशी वीज मिळत नाही, एकाच वेळी अनेक दिवे लागतात आणि जणू सारी मोटारच बिघडली असा भास होतो.

दुसरी पायरी साक्षीपुराव्याची. स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या खोबणीला स्कॅनर जोडला की संगणकांनी नोंदवलेले दोषसंकेत वाचता येतात. 'पी-०६०६' या संकेताचा अर्थ असा की, ईसीएम आपल्याच अंतर्गत कामात दोष असल्याचे सांगत आहे. 'यू-०१००' चा अर्थ, ईसीएमशी बोलणे तुटले आहे. पहिली साक्ष स्वतःची आहे, दुसरी शेजाऱ्याची. शेजारी एवढेच सांगतो की, हाक मारली पण उत्तर आले नाही. घरात माणूस आजारी आहे, की केवळ दार बंद आहे, हे त्याला कसे ठाऊक असणार?

ते शोधण्यासाठी तिसऱ्या पायरीवर वीज, अर्थ आणि तारा तपासाव्या लागतात. येथे एक गंमत आहे. उंदराने कुरतडलेल्या तारेचा एकच बारीक धागा शिल्लक असला, तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. पण त्याच तारेवर मोटारीचा दिवा लावून पाहावा, तर तो नीट पेटत नाही. म्हणून वीज भारासह मोजावी. संवेदकांना ईसीएम पाच व्होल्ट पुरवतो. एखादा संवेदक आतून जोडला गेला, म्हणजे शॉर्ट झाला, तर ते पाच व्होल्ट कोसळतात आणि निरोगी संगणकही मुका होतो. अशा वेळी संवेदक एकेक करून सोडवावेत. ज्याला सोडवताच पाच व्होल्ट परत येतात, तोच अपराधी.

संगणक एकमेकांशी ज्या दोन पीळदार तारांवरून बोलतात, त्यांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. समांतर जोडणीचे गणित आपण भौतिकशास्त्रात शिकतो: १२० गुणिले १२०, भागिले २४०, म्हणजे ६०. बॅटरी सोडवून मोजल्यावर ६० ओहमच्या आसपास आकडा आला तर मार्ग ठीक. १२० आला तर कोठेतरी तार किंवा एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. वर्गातील सूत्र गॅरेजात असे उपयोगी पडते.

या सर्व कसोट्या उतरल्या, तरच संगणक दोषी धरावा. उष्णता व हादरे यांनी त्याचे डाग तडकतात, ओलाव्याने टोकांवर हिरवा गंज चढतो. २०१० साली टोयोटाने अमेरिका व कॅनडामधील ११ लाखांहून अधिक मोटारी परत बोलावल्या, त्या ईसीएममधील डाग तडकण्याच्या शक्यतेमुळेच. उलट २०१४ साली सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, तेव्हा दोष नियंत्रक संगणकाच्या आज्ञावलीत होता. तिच्यामुळे विद्युतभाग अतिशय तापू शकत; म्हणून आज्ञावली सुधारून देण्यात आली. पेटी बदलण्यापूर्वी आज्ञावलीची चौकशी करावी, हा त्यातला बोध.

बदलण्याचे काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. ईसीएम बारा व्होल्टवर चालत असला, तरी त्याच मोटारीत नारिंगी आवरणाच्या तारांमधून प्राणघातक दाबाची वीज वाहते. भारतात २०१० साली आलेल्या प्रियसची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची होती आणि तो दाब ६५० व्होल्टपर्यंत वाढवला जाई. म्हणून कारागीर मोटार बंद करून किल्ली दूर ठेवतो, लहान बॅटरीची ऋण तार सोडवतो, रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढतो, तो दुसऱ्या कोणी चुकून बसवू नये म्हणून आपल्याच खिशात ठेवतो आणि साठलेली वीज ओसरावी म्हणून निदान दहा मिनिटे थांबतो. विद्यार्थ्यांनी नारिंगी तारेला कधीही हात लावू नये.

नवा ईसीएम त्याच क्रमांकाचा हवा. तो बसवला की काम संपले असे नाही. त्यात मोटारीचा क्रमांक व योग्य आज्ञावली भरावी लागते आणि चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी त्याची ओळख करून द्यावी लागते; एरवी इंजिन अनोळखी मालकाचा हुकूम मानीत नाही. शेवटी जुने संकेत पुसून, मोटार चालवून पुन्हा स्कॅनर लावावा. संकेत परतला नाही, तरच निदान खरे ठरले.

वैद्य नाडी पाहण्याआधी औषध देत नाही आणि न्यायाधीश साक्ष ऐकण्याआधी शिक्षा सुनावत नाही. हातात पाना घेणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. जो मोजतो, ताडून पाहतो आणि पुराव्याविना कोणालाही दोषी ठरवत नाही, तोच खरा यंत्रज्ञ. ही सवय शाळेतच जडली, तर ती पुढे कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.