येळवस, लहान मुले आणि मातीतले ठसे

मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे आपली येळवस आली की लातूर-नांदेडकडची गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, मग भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे. तोवर लहान मुले बांधाबांधाने हिंडतात. त्यांना अडवू नका. रोज तास-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, असे अभ्यासातून दिसले आहे.

सकाळच्या तिरप्या उन्हात ओलसर मातीवरचे ठसे चांगले दिसतात. ते मुलांना ओळखायला शिकवा. कुत्र्या-कोल्ह्याच्या पावलापुढे नखे उमटतात. मांजराची उमटत नाहीत, कारण ते नखे आत ओढून चालते. हरणाचा खूर दुभंगलेला असतो. ससा उडी मारतो तेव्हा त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात.

मात्र माग काढता काढता मूल बिळाशी पोहोचते. काही वर्षांपूर्वी येळवशीच्या संध्याकाळी सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला. सशाचे घर समजून त्याने बिळात हात घातला होता. वास्तविक आपल्याकडचा ससा बिळात राहत नाही, गवता-झुडपात बसतो. बिळात लाल विंचू होता. उतारा करण्यात दोन तास गेले होते. अंग घामाने चिंब, हातपाय गार, उलट्या चालू. प्रॅझोसिन देऊन तातडीने शासकीय रुग्णालयात पाठवला, म्हणून वाचला. विंचूदंशावर हे औषध रूढ करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकांनी लक्षात ठेवावे :

१) पायात बूट हवेत. बिळात, जमिनीच्या भेगेत, दगडाखाली, कडब्याच्या गंजीत हात घालू देऊ नये.

२) थंडीत साप नसतात, हा गैरसमज आहे. घोणस या दिवसांतही फिरते.

३) दंश झाल्यास मुलाला चालवू नये. तो हात किंवा पाय हलू देऊ नये. दोरीने आवळणे, कापणे, मंत्र-उतारा यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा किंवा थेट शासकीय रुग्णालय गाठावे.

४) कुत्रे चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

तो मुलगा आता दहावीत आहे. आजही येळवशीला ठसे बघत हिंडतो. फक्त हातात काठी असते.