नेपाळची वाट : १९५६ ची आणि आजची

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १४ नोव्हेंबरला, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाटणामार्गे विमानाने काठमांडूला गेले. सोबत माईसाहेब होत्या. प्रकृती खालावलेली, मधुमेहाने शरीर पोखरलेले, आधाराशिवाय चालणे कठीण. तरीही जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेचे चौथे अधिवेशन त्यांनी चुकवले नाही. १९५० साली श्रीलंकेत कँडीला आणि १९५४ साली रंगूनला ते याच परिषदेला गेले होते. पण या वेळी ते लाखो नवदीक्षितांचे नेते म्हणून आले होते.

विमानानेच का, असे विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर नेपाळच्या भूगोलात आहे. रक्सौलच्या बाजूने काठमांडूला जायचे तर भीमफेदीपासून पुढे डोंगर पायी ओलांडावे लागत. राणा घराण्याच्या मोटारीसुद्धा हमालांनी खांद्यावर वाहून नेल्या, मग आजारी माणसाची काय कथा! भारताच्या मदतीने त्रिभुवन राजपथाचे काम १९५३ ला सुरू झाले व १९५६ ला तो तयार झाला. पण अडीच हजार मीटर उंचीच्या घाटातला तो नवा रस्ता बाबासाहेबांच्या प्रकृतीला झेपणारा नव्हता.

२० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख व शोषण संपवणे हे दोघांचेही ध्येय, फरक मार्गाचा, हा त्यांचा मुद्दा होता. मार्क्सचा मार्ग बळाचा व हुकूमशाहीचा, बुद्धाचा मार्ग माणसाचे मन वळविण्याचा. हे भाषण लहान आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे. परतताना काशी, सारनाथ, कुशीनगर करून ३० नोव्हेंबरला ते दिल्लीत पोहोचले. काठमांडूच्या भाषणानंतर सोळाव्या दिवशी महापरिनिर्वाण झाले.

आज बीड, गेवराई, माजलगावचे उपासक-उपासिका मनमाडहून रेल्वेने गोरखपूर गाठतात. तेथून बसने सुनौलीची सीमा सुमारे ९० कि.मी.; पलीकडे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी २०-२२ कि.मी. हा सारा सपाट तराईचा रस्ता आहे. अशोकस्तंभ व मायादेवी मंदिर पाहण्यास डोंगर चढावा लागत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगावे. स्तंभावरील ब्राह्मी लेखात सम्राट अशोकाने बुद्धांच्या जन्मगावाचा कर माफ केल्याचे कोरलेले आहे.

कठीण आहे ते पुढचे. भैरहवा ते काठमांडू अडीचशे कि.मी.हून अधिक अंतर, त्यात एका बाजूला डोंगर व दुसऱ्या बाजूला नदी. १२ जुलै २०२४ ला सिमलताल येथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला जाणारी, आपल्या जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळून २७ जण दगावले. त्यांची घरे आपल्यासारखीच, वर्षभर पै-पै साठवून निघालेली. म्हणून सहल ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आषाढ-श्रावणात हा घाट धरू नये व रात्रीचा प्रवास घेऊ नये. एक मुक्काम वाचवण्यासाठी रात्रभर गाडी पळवणे ही काटकसर नव्हे. ज्यांना परवडेल त्यांनी भैरहव्याहून विमान धरावे. जेमतेम अर्ध्या तासाची वाट आहे. बाकीच्यांनी लुंबिनी करून परतले तरी यात्रा अपुरी राहत नाही.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मात्र मूळ प्रतच जवळ ठेवावी. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, हा दर ठरलेला आहे. आणि सीमा ओलांडताच घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे, नाहीतर परतीची बस चुकते.