फूटस्टेप कशाच्या आधाराने उभी आहे?

पिकअपची फूटस्टेप निखळली की बहुतेक जण स्टेपलाच शिव्या घालतात. पाइप हलका होता, माल दिखाऊ होता, असं म्हणून दुकानातून नवी जोडी आणतात आणि जुन्याच जागी बसवून घेतात. आमच्या गाडीला आजही पहिलीच स्टेप आहे. पाइपला एक पोचा आहे, बाकी ती धडधाकट आहे. फाटला होता तो तिला धरून ठेवणारा पत्रा.

गाडी जुन्नर तालुक्यातली, हंगामात टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जाणारी. केबिन उंच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चढायला त्रास, म्हणून एका ॲक्सेसरीच्या दुकानातून दोन्ही बाजूंना स्टेप लावून घेतल्या. पण गाडीला स्टेप लागली की म्हातारी माणसं तिच्यावर पाय ठेवतात आठवड्यातून एखाद्या वेळी. हमाल रोज ठेवतात. वरच्या थरातला क्रेट ओढायचा किंवा ताडपत्रीची दोरी आवळायची, की एक पाय स्टेपच्या पार टोकावर आणि सगळ्या अंगाचा झोका दोरीवर. दुकानदाराने स्टेप बसवताना या माणसाचा विचार केलेला नसतो.

सुरुवात किरकिरीने झाली. ड्रायव्हर म्हणायचा, "मालक, डावी स्टेप पाय टेकला की दबते." गॅरेजमध्ये बोल्ट आवळले की आवाज थांबायचा, चार खेपांनी पुन्हा यायचा. शेवटी तिथल्या पोराने ब्रॅकेटला पत्र्याशीच वेल्डिंगचे टाके मारून दिले. ते दिसायला भक्कम होते. पुढे भर बाजारात दोरी ओढणाऱ्या हमालाच्या पायाखालून स्टेप सुटली आणि त्याची नडगी सोलून निघाली. शेजारून मागे येणारी गाडी तेव्हा थांबलेली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले एक मिस्तरी आमच्या ओळखीचे आहेत. ते बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले आणि आतूनच विचारलं, "हे ब्रॅकेट चेसिसला एका ठिकाणी आणि केबिनला दोन ठिकाणी कोणी लावलं?" दुखणं इथेच होतं. पिकअपची केबिन चेसिसवर थेट बसत नाही, मध्ये रबराचे माउंट असतात. खड्ड्यात चेसिस पिळवटते आणि केबिन तिच्याहून वेगळी हलते. स्टेपचं एक टोक केबिनला आणि दुसरं चेसिसला बांधलं, तर वर कोणी उभं नसलं तरी रस्ता तिला दिवसभर पिळत राहतो. लोखंड एका दणक्याला तुटत नाही. असं हजारो वेळा वाकून थकतं आणि मग तडा जातो. आमचा तडा वेल्डिंगमध्ये नव्हता, वेल्डिंगच्या अगदी कडेला होता. तापून निघालेल्या पातळ पत्र्याला तिथे जोर राहत नाही. दाराखालचा तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. त्याला टाके मारणं म्हणजे पुढचा तडा कुठून जाणार ते आखून देणं.

मिस्तरींनी मग खडूने जमिनीवर हिशेब मांडला. तो प्रत्येकाने आपल्या गाडीखाली बसून करावा असा आहे. माणूस ७० किलोचा. त्याचा पाय बोल्टपासून २० सेंटिमीटर बाहेर. ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर. म्हणजे वरच्या बोल्टला बाहेर खेचणारी ओढ ७० गुणिले २० भागिले ५, अशी २८० किलो झाली. तोच माणूस एकदम भार टाकून चढला की ती दुप्पट. ५६० किलोची ओढ आणि तिला अडवायला एक वॉशर आणि मिलिमीटरभर पत्रा! बोल्टमधलं अंतर ५ ऐवजी १० सेंटिमीटर केलं की तीच ओढ निम्मी होते. त्यापुढे जाड पट्टी लावण्याआधी ब्रॅकेट उंच करा, हेच आमचं सूत्र ठरलं.

दुरुस्ती अशी केली. केबिनकडचे सगळे टेकू काढून टाकले आणि स्टेपचा पूर्ण भार चेसिसवर घेतला. एका बाजूला दोनऐवजी तीन ब्रॅकेट केले. प्रत्येक ब्रॅकेट दोन सुती पट्टीचा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर जाड, आणि वाकवलेल्या कोनात तिकोनी टाच. शिवाय बाहेरच्या टोकापासून चेसिसच्या खालच्या अंगाला जाणारा तिरपा टेकू. हा टेकू मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो असला की पट्टीला एकटीने वाकावं लागत नाही.

चेसिसला नवीन भोक पाडू नका, वेल्डिंग तर नाहीच. विशेषतः तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला हात लावू देऊ नका; मालाचा सगळा ताण तिथून जातो, आणि एखाद्या भोकाच्या काठाने सुरू झालेला तडा गाडीच खाली बसवू शकतो. कंपनीने ठेवलेली भोकं शोधा. ती नसतील तर चेसिसला दोन्हीकडून कवळणारी प्लेट करून घ्या आणि आतून ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग दाबलं जात नाही ना, ते हात घालून चाचपा. वेल्डिंगचं सगळं काम ब्रॅकेट गाडीवरून उतरवून टेबलावर करा. ते गाडीवरच करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते मिस्तरीला आधी दाखवा. "काय होत नाय हो" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका.

ब्रॅकेट शाबूत असून नुसता तडा गेला असेल तर तो वरून भरून उपयोग नाही. तडा संपतो तिथे छोटं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने खाच करून मुळापासून वेल्डिंग भरा आणि वर पट्टीचा जोड द्या. तडा दुसऱ्यांदा आला तर ते ब्रॅकेट भंगारात द्या.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा बघूनच घ्या. १० मिलिमीटरच्या अशा बोल्टला ४५ ते ५० न्यूटन मीटर एवढा आवळ पुरतो. जास्त जोर दिला तर आटे जातात आणि ते तेव्हा कळतही नाही. नायलॉक नट आणि मागे रुंद, जाड प्लेट घ्या. आवळून झालं की नट आणि प्लेटवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पान्हा लावून बघण्याची गरज नाही. काही शे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा एकदा आवळा, कारण नवा रंग दबला की बोल्ट सैल पडतात.

रंगाचं काम लोक उरकून टाकतात, पण पावसाळ्यात चिखल ब्रॅकेटच्या कोनातच साठतो. वेल्डिंगची राख घासून काढा, रेड ऑक्साइड लावा, त्यावर रंग द्या. स्टेपच्या पाइपला खालून भोक असायला हवं, नाहीतर आत पाणी राहतं आणि बाहेरून चकाकणारा पाइप आतून खाल्ला जातो.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण सांगायला हव्यात. पंक्चर काढताना स्टेपखाली जॅक लावू देऊ नका. आमच्या पाइपचा पोचा त्यातलाच. आणि चालत्या गाडीत स्टेपवर माणूस उभा करू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ त्याला सरळ मनाई करतं. स्टेप कितीही भक्कम केली तरी ती चढा-उतरायलाच आहे.

काम झाल्यावर दोघांनी मिळून तपासणी करा. एकाने स्टेपच्या टोकावर उभं राहून अंग हलवायचं आणि दुसऱ्याने ब्रॅकेट आणि चेसिस यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. आमची डावी स्टेप सुटली होती, पण उजवीकडे हे केलं तेव्हा मधल्या बोल्टापाशी बोटाखाली पत्रा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता. ड्रायव्हर दिवसातून वीस वेळा त्याच बाजूने चढतो. त्यामुळे एक बाजू गेली तर दुसरीही खोला, बोल्ट काढा आणि मागचा पत्रा बघा. हमालांसाठी आम्ही हौद्याला आकड्याने अडकणारी छोटी लोखंडी शिडी करून घेतली आहे. ते ती वापरतात, पण घाई असली की अजून स्टेपवरच चढतात. म्हणून तिरपा टेकू उजवीकडेही लावला.