डब्यातला भोपळा आणि मंडीतलं डांगर

अमेरिकेतल्या व्हीगन केकच्या कृतीत नुसतं ‘एक डबा भोपळा’ लिहिलेलं असतं, आणि तिथे तेवढं पुरतं. डबा 425 ग्रॅमचा, म्हणजे साधारण पावणेदोन कप. गर शिजवलेला आणि दर वेळी सारखाच दाट. आपल्या छत्रपती संभाजीनगरात तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही. तिकडे राहणारी पुतणी सुट्टीला आली, तेव्हा ऑनलाइन मागवला. आला तो ‘पाय फिलिंग’चा: साखर, दालचिनी, लवंग आधीच घातलेली. त्याची ना भाजी होते, ना केकच्या गोडाचा हिशोब लागतो. डबा घ्यायचाच असेल तर मागची साहित्याची यादी वाचा. तिथे भोपळ्याशिवाय काही नको.

मग जाधववाडीच्या मंडीतून डांगर, म्हणजे लाल भोपळा, आलं. कुकरमध्ये उकडून, घोटून, तेवढाच पावणेदोन कप गर घातला. केक वर खरपूस, आत मात्र शिऱ्यासारखा ओला. अजून दहा मिनिटं ठेवला तर कडा करपल्या. अमेरिकेत बहुतेक डब्यांत असतो तो डिकिन्सन वाण आणि आपलं डांगर हे बहुधा एकाच प्रजातीचे, क्युकर्बिटा मोशाटा. घोळ झाला तो पाण्याचा.

तेव्हापासून आमच्याकडे रीत अशी. फोड कापली की कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर अख्खं डांगर टाकून द्यायचं. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. चांगल्या फोडी, त्यांच्या भांड्यात पाणी न घालता, कुकरला वाफवायच्या. गर पातळ कापडात चक्क्यासारखा टांगून ठेवायचा, नाहीतर कढईत आटवायचा. उलथनं फिरवल्यावर तळाशी पडलेली वाट लगेच बुजली नाही, की तो केकला लायक झाला.

एका अंड्याऐवजी पाव कप गर चालतो. त्याने ओलावा येतो, मिश्रण धरून राहतं. पण केक फुगत नाही. त्यासाठी खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतोच. सुरी लावायची ती केक पूर्ण गार झाल्यावर.

उरलेला गर लोणच्यासारखा बरणीत भरून कपाटात ठेवू नका. भोपळ्यात आंबटपणा नाही. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, आणि दाट गराच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचेल याची घरी खात्री देता येत नाही. पाव-पाव कपाचे भाग करून फ्रीजरमध्ये गोठवा. उघडलेल्या डब्यातला गर काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. फुगलेला डबा उघडूच नका.

आणि व्हीगन पाहुण्यासाठी पहिल्यांदाच काही करणार असाल, तर केकच्या आधी घारगे करा. किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी, मोहन तुपाऐवजी तेलाचं, पाण्याचा थेंब नाही. पीठ किती घ्यायचं ते इथे भोपळाच ठरवतो. डांगर कितीही पाणचट निघालं तरी घारगे बिघडत नाहीत.